ताई, क्यूआर कोडमध्ये दीपप्रज्वलन आहे, खेळ कुठे आहे?

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बाळाशी कसं खेळावं याची माहिती मराठीत, मोबाइलवर, फुकट आणि खरी मिळण्याबाबत.

महोदया,

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावात राहते, एका पतसंस्थेत क्लार्क आहे आणि मला आठ महिन्यांची मुलगी आहे. मंत्र्यांना पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, मायना चुकला असेल तर सांभाळून घ्या. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं की आधी आमच्या अंगणवाडीच्या ताईंना 'कारणे दाखवा' नोटीस येणार, आणि यात त्यांचा काडीचाही दोष नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे पालक मेळावा झाला. मंडप, फुगे, रांगोळी, सगळं साग्रसंगीत. व्यासपीठावरच्या साहेबांनी माइकवरून जाहीर केलं की शून्य ते तीन वर्षांच्या बाळांशी काय खेळायचं, काय बोलायचं, याची शास्त्रशुद्ध माहिती आता प्रत्येक आईच्या मोबाइलवर, आपल्या मराठीत मिळणार. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग प्रत्येकीच्या हातात एक गुळगुळीत पत्रक आलं. त्यावर चार मोठे फोटो आणि खाली कोपऱ्यात, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तेवढासा, क्यूआर कोड.

रात्री मुलगी झोपल्यावर तो स्कॅन केला. चौदा मिनिटांचा व्हिडिओ उघडला. सुरुवातीला दीपप्रज्वलन. समईची एक वात काही केल्या पेटेना, तर तीही पेटेपर्यंत कॅमेरा तिथंच. मग शाल, श्रीफळ, रोपटं. एक पाहुणे उशिरा आले, म्हणून सत्कार पुन्हा पहिल्यापासून. नवव्या मिनिटाला एका ताईंनी बाहुली हातात घेतली आणि 'चला तर मग, पाहूया' म्हणाल्या. त्याच क्षणी मागं जनरेटर सुरू झाला असावा, कारण त्यापुढं ओठ हललेले दिसतात, ऐकू काही येत नाही. व्हिडिओ संपला आणि मी काही करायच्या आत दुसरा सुरू झाला. तो होता प्लास्टिकच्या वॉकरचा. आवाज खणखणीत, मराठी शुद्ध, 'तुमचं बाळ इतरांच्या आधी चालेल' असं ठामपणे सांगणारा आणि खाली 'आत्ताच मागवा'चं बटण.

म्हणजे सरकारी क्यूआर कोडनं मला थेट वॉकरवाल्याच्या दारात नेऊन सोडलं. दोन खात्यांच्या योजना जोडल्या की तुमच्याकडे काय म्हणतात? अभिसरण?

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी मंत्र्याला पत्र? एवढ्यासाठी नाही. याच्या आधीचंही बरंच साठलंय, तेही ऐका.

आमची पतसंस्था छोटी. दहा माणसं भरत नाहीत, म्हणून मातृत्व रजेचा 26 आठवड्यांचा कायदा आम्हाला लागू नाही. संस्थेनं मोठ्या मनानं तीन महिने दिले, त्यातले दोन बिनपगारी. नवरा एमआयडीसीत, तीन पाळ्या. दिवसभर बाळ सासूबाईंकडे, रात्री माझ्याकडे. अशा बाईला बाळाशी खेळायचं कसं हे विचारायला माणूस कुठं आहे? माझी आई दोनशे किलोमीटर लांब. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचं म्हणणं, आमच्या वेळी असलं काही शिकवायला लागत नव्हतं. उरला मोबाइल. रात्री दीड वाजता, मांडीवर बाळ, एका हाताने टाइप करत विचारायचं : 'पाच महिन्यांचं बाळ खेळ'.

ताई, एकदा तुम्हीही मराठीत हे शोधून बघा. सचिवांना सांगू नका, ते छापून आणतील. स्वतः बघा. आधी दोन-तीन जाहिराती येतात. मग रंगीत पाट्या भराभर बदलत 'बाळाचा उजवा मेंदू जागा करा' सांगणारी बाई, तिचा कोर्स दोन हजार नऊशे नव्व्याण्णवला. मग 'ही 7 लक्षणं दिसली तर तुमच्या बाळाला ऑटिझम असू शकतो', त्यावर लाल बाण आणि रडणारं बाळ. मग तासाभराची गाणी, ज्यात डोळे बटाट्याएवढे असलेली कार्टूनची मुलं एकसारखी नाचत असतात. या सगळ्याखाली कुठंतरी जन्मनक्षत्रानुसार खेळणी. खरी, कामाची माहिती शोधायची तर अंगठा दुखेपर्यंत खाली जायचं, आणि सापडते ती इंग्रजीत.

माझी मुलगी पाच महिने संपत आले तरी पालथी पडत नव्हती. त्या लाल बाणवाल्या व्हिडिओनं माझी झोप गेली, दूध कमी झालं, घरात भांडणं झाली. सासूबाई म्हणायच्या दृष्ट लागली, नवरा म्हणायचा तू मोबाइल बघू नको. शेवटी शहरातल्या एका खासगी केंद्रात नेलं. पहिल्या भेटीचे अठराशे, पुढं 'बारा सेशनचं पॅकेज'. पॅकेजचे पैसे नव्हते म्हणून वाचलो. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं, हातपाय हलवून बघितले, खुळखुळा दोन्ही बाजूंना वाजवला आणि म्हणाल्या, 'हिला काही झालेलं नाही. झोळीत आणि कडेवर कमी ठेवा, जमिनीवर सतरंजी टाकून जास्त ठेवा. जागी असताना पालथं घाला, समोर तुम्ही झोपा, तिच्याशी बोला.' एक रुपयाही लागला नाही. काही आठवड्यांत पोरगी गडाबडा लोळायला लागली.

हे दोन ओळींचं ज्ञान. ते मला रात्री दीड वाजता मराठीत का मिळू नये? माझी ती रात्र कुणी भरून देणार आहे का? 'भरपाई' नावाची एक फाइल तुमच्या मंत्रालयात असते ना, पुराच्या वेळी वगैरे?

आणि पालथं घालायची गोष्ट वाटते तितकी साधी नाही, म्हणून तर नीट सांगणारं कुणी लागतं. झोपवताना बाळ उताणं, खेळवताना पालथं आणि तेही आपली नजर असताना. एका व्हिडिओत यातला अर्धाच भाग होता, की पालथं झोपलेली बाळं शांत झोपतात. खाली शेकडो आयांचे 'थँक्यू ताई'. अर्धी माहिती घेऊन एखादीनं रात्रभर बाळाला पालथं ठेवलं तर काय होऊ शकतं हे तुमच्या खात्यातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच लिहून ठेवलंय : वर्षाच्या आतल्या, अजून रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं घालावं, एका जागी जखडून तासापेक्षा जास्त ठेवू नये, आणि स्क्रीन अजिबात नको. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच म्हणते, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल. आता गंमत बघा. बाळाला मोबाइल दाखवू नका, ही माहिती आईला मोबाइलवरच मिळणार, आणि मोबाइलवर ती सापडायच्या आत बाळासाठी केलेले दहा व्हिडिओ आडवे येणार.

त्या वॉकरचं म्हणाल तर कॅनडानं 2004 मध्येच त्याची विक्री, आयात आणि जाहिरातसुद्धा बंद केली. पोरं त्यातून जिन्यावरून पडतात, चुलीपर्यंत पोचतात, आणि चालायला त्याचा उपयोग शून्य, उलट उशीर होतो. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्याला धरून पोर स्वतःच्या पायावर उभं राहतं, ढकलतं, धपकन बसतं, पुन्हा उठतं. वॉकरमध्ये ते लोंबकळतं, टाचा टेकत नाहीत. हा फरक आमच्या सुतारकाकांनी मला सांगितला. सुतारकाकांनी! तुमच्या पत्रकानं नाही. त्या पत्रकात जागा कशी उरणार, चार फोटो केवढे मोठे होते ते वर सांगितलंच.

आपल्याकडे कायदे नाहीत असंही नाही. बाळाच्या पावडरीच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायला 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, कारण आईला फसवून धंदा होत होता. खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे. खुळखुळ्याला चिन्ह लागतं, खुळखुळा कसा वाजवायचा याबद्दल कुणीही उठून काहीही बोलावं, त्याला काही लागत नाही. 'मेंदू तिप्पट वेगानं वाढेल' म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू मोजलास कशानं?

आता माझा खरा राग. ही माहिती सरकारकडे नसती तर मी गप्प बसले असते. ती आहे. ढिगानं आहे. केंद्राच्या तुमच्याच मंत्रालयानं 2024 मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला. जन्मापासून 36 महिन्यांपर्यंत महिनावार 140 खेळ आणि कृती त्यात आहेत. पदराआडून कुक करणं, वाटीत वाटी घालणं, न्हाऊ घालताना अवयवांची नावं घेणं, असल्या बिनपैशाच्या. मी तो वाचला. मला सापडला तो इंग्रजीत, जाडजूड पीडीएफ, मोबाइलवर उघडताना मोबाइल तापला. मराठीत असेलही कुठंतरी. असला तर शोधून देणाऱ्याला तुमच्या हस्ते शाल-श्रीफळ द्या. आपल्या राज्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेच्या आणि युनिसेफच्या मदतीनं 'आरंभ' नावाचं काम झालं, यवतमाळमध्ये आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात सुरू झालं, पालक मेळाव्याची कल्पना त्यातलीच. तिथं म्हणे आया-बाप जमिनीवर बसून बाळाशी प्रत्यक्ष खेळून बघायचे. आमच्यापर्यंत येता येता जमीन गेली आणि स्टेज आलं. दवाखान्यातून मिळणारं माता बाल संरक्षण कार्ड घ्या. त्यात कोणत्या महिन्यात बाळ काय करतं, त्याच्याशी काय खेळावं, चित्रांसकट छापलंय. माझ्या कार्डाचं ते पान नर्सबाईंनी कधी उघडलं नाही. त्यांनी लसीचं पान उघडलं, तारीख टाकली, 'पुढची' म्हणाल्या. बाहेर चाळीस बायका रांगेत असताना त्या तरी काय करणार?

आशाताईंनी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी यायचं, असा केंद्राचा कार्यक्रम आहे. एका भेटीचे पन्नास रुपये. त्यात वजन, आहार, लोहाचं औषध, ओआरएस, हात धुणं आणि जाता जाता खेळ. पन्नास रुपयांत आमच्याकडे भेळसुद्धा एकच येते.

भाषणात तुम्ही सगळे एक आकडा नेमानं सांगता, सहा वर्षांच्या आत मेंदूचा 85 टक्के विकास होतो. नव्या शैक्षणिक धोरणातही तो आहे. कसा मोजला देव जाणे, पण चला, खरा मानू. मग 85 टक्के मेंदू ज्या वयात घडतो त्या वयाच्या बाळाच्या आईला मिळतं काय? राज्यात वर्षाला अठरा लाखांच्या आसपास बाळं जन्मतात म्हणतात, लाख इकडेतिकडे असेल तर कार्यालयानं दुरुस्त करून घ्यावं. या अठरा लाखांपैकी किती जणांच्या आईला तुमचा एक तरी खेळ पोचला? अंगणवाडीच्या नोंदी ज्या अॅपवर भरतात त्या पोषण ट्रॅकरवर याचा रकाना आहे का? वजनाचा आहे, उंचीचा आहे. पाकीटबंद आहार घ्यायला आता चेहरा पडताळतात. अंगणवाडीच्या दारात ताई माझ्यासमोर मोबाइल धरतात, डोळे मिचकवा म्हणतात, नेट जातं, पुन्हा मिचकवा म्हणतात. सरकारला माझा चेहरा लागतो. माझ्या चेहऱ्याकडे बघून पोर 'आ' म्हणालं की मीही 'आ' म्हणावं, थांबावं, तिला परत बोलू द्यावं, या देवघेवीनंच मेंदू घडतो, हे मला सांगायला मात्र कुणाकडे वेळ नाही.

हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत असं कुणी म्हणू नये म्हणून एक गोष्ट सांगते. जमैकात किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्तीत 1986-87 मध्ये 129 खुरटलेली बाळं निवडली होती. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या आणि आईला बाळाशी खेळायला शिकवायच्या. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी बघितलं तर या खेळलेल्या मुलांची कमाई न खेळलेल्यांपेक्षा 25 टक्के जास्त. 2014 मध्ये हे छापून आलंय. ना अॅप, ना क्यूआर कोड, ना दीपप्रज्वलन. आणि जमैका कशाला? आपल्याच पालघरच्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, काड्या घेऊन आदिवासी मुलांची अंगणवाडी चालवून दाखवली. त्यांचे फोटो तुमच्या कार्यालयात असतीलच, जयंतीला हार घालायला.

'यंत्रणा पोचत नाही' हे उत्तर तर मला देऊच नका. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली. तुमचंच खातं. कोणते कागद लागतात, उत्पन्नाची अट काय, रेशनकार्ड कुठलं चालतं, ही माहिती पंधरा दिवसांत वाडीवस्तीवर पोचली. मराठीत पोचली. माझ्या निरक्षर चुलतसासूला तोंडपाठ होती. दोन कोटींहून जास्त बायकांपर्यंत गेलात तुम्ही, याच अंगणवाडी ताईंच्या जिवावर, अर्जामागे पन्नास रुपये देतो म्हणून. म्हणजे मनात आणलं तर सरकार बाईच्या मोबाइलपर्यंत जाऊ शकतं. बहीण लाडकी, मग भाचा-भाची कोण? त्यांना अजून मत नाही म्हणून अठरा वर्षं थांबायचं का?

या ताईंचंही एकदा नीट ऐकून घ्या. 2021 मध्ये त्यांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, कारण मोबाइल निकृष्ट आणि ट्रॅकर इंग्रजीत. 2023 च्या डिसेंबरपासून जवळपास दोन महिने संप केला. आम्हाला पेपरात वाचायला मिळालं की 'लाभार्थ्यांची गैरसोय'. माझी गैरसोय त्यांच्या संपानं झाली नाही. त्या कामावर असताना दिवसभर माहिती भरत बसतात, त्यानं होते. आमच्या ताईंना पोरं खेळवायची हौस आहे, आवाज गोड आहे, बाळं त्यांच्याकडे झेपावतात. त्यांचं अर्धं आयुष्य फोटो अपलोड करण्यात चाललंय. परवाच्या मेळाव्यातही त्या बाळांपाशी नव्हत्या, पाहुण्यांना चहा देत होत्या.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. फार नाहीत. त्या 140 खेळांचे 140 छोटे व्हिडिओ करा, दोन-दोन मिनिटांचे, मराठीत. आणि नुसत्या पुण्याच्या मराठीत नको, वऱ्हाडी, अहिराणी, गोंडी बोलणाऱ्या आयांनाही कळतील असे. त्यात खरी आई आणि खरं बाळ असू द्या, मातीची जमीन असू द्या, एखाद्यात बापही असू द्या, त्याला काय सुट्टी आहे का? पाहुणा एकही नको. सत्कार करायचाच असेल तर वेगळा व्हिडिओ काढा, आम्ही तोही बघू, कधीतरी. ज्या बाईकडे स्मार्टफोन नाही तिला साध्या फोनवर ऐकता येईल अशी सोय करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 च्या, देशातल्या तीन बायकांपैकी एकीनंच कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं निघालं होतं. आज वाढलं असेल, तरी माझ्या शेजारच्या तीन घरांत मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो आणि तो कामावर जातो. आणि ते व्हिडिओ अशा जागी ठेवा जिथं ते संपल्यावर वॉकर येणार नाही. बाळांच्या मेंदूच्या नावानं खोटं विकणाऱ्यांवर ग्राहक खात्याकडून कारवाई करवा. तुमचं खातं नाही म्हणाल, पण त्या खात्याचे मंत्री मंत्रिमंडळात तुमच्या शेजारीच कुठंतरी बसत असतील.

पैशाचं म्हणाल तर त्या पत्रकाचा कागद आमच्या लग्नपत्रिकेपेक्षा जाड होता. तिथूनच सुरुवात करा.

उत्तराची वाट बघते. 'आपले निवेदन उचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे' असं मात्र पाठवू नका. संबंधित विभाग तुमचाच आहे.

कळावे,

आपली,
एक आई
(आपल्या नोंदीप्रमाणे : लाभार्थी, चेहरा पडताळणी पूर्ण)

ता. क. : तो क्यूआर कोड काल पुन्हा स्कॅन करून बघितला. 'हा व्हिडिओ उपलब्ध नाही' असं येतंय. वॉकरचा अजून आहे.